लग्नाच्या कॅसेटवर भरलेला पिक्चर

वैशाली नगरच्या विहारात सकाळच्या वंदनेला ज्या पाच-सहा बाया कधी चुकत नाहीत, त्यांत सुजाताबाई एक. पांढरी साडी, निळा काठ, आवाज बारीक, पण गाथा म्हणताना कुठं अडखळणार नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. गल्लीत भांडण झालं तर दोन्हीकडच्या बाया तिच्याच ओसरीवर येऊन रडतात. अशा बाईपुढं एका हिंदी पिक्चरचं नाव काढलं की मात्र तिच्या तोंडाची चव जाते. ती स्वतः त्याचं नाव घेत नाही. "ते घाण," एवढंच म्हणते.

सुजाता जन्मली भिलाई-3 ला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. बाप कवडूजी, भंडाऱ्याकडचा, रुळावर गँगमन. तीन पोरांच्या पाठीवर पोरगी झाली आणि तीही वैशाखी पौर्णिमेला, म्हणून त्यानं कुणाला न विचारता नाव ठेवून टाकलं. सुजाता म्हणजे जिनं तथागतांना खीर दिली ती. मग दर बुद्ध पौर्णिमेला कवडूजी स्वतः जाऊन दूध आणायचा, आई खीर शिजवायची आणि मूर्तीपुढं वाटी ठेवायचा मान पोरीचा. "हे तुही खीर हाय," एवढंच तो म्हणायचा. बोलणारा माणूस नव्हताच तो. दिवसभर घण मारून घरी आला की "हो", "नाही", "वाढ", या तीन शब्दांत त्याचं भागायचं.

म्हणूनच १९९१ साली सुजाताच्या लग्नात जे झालं त्याचं सगळ्या नातेवाइकांना नवल वाटलं. क्वार्टरांसमोरच्या मैदानात मांडव होता. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, पंगती उठल्या. निरोपाच्या आधी सुजाता साडी बदलायला शेजारच्या क्वार्टरमध्ये गेली. ती बाहेर आली तेव्हा आतेबहीण जया धावत आली.

"सुजे, मामा माईकवर बोलले वो!"

"बाबा? काय बोलले?"

"मले कुठी आयकू आलं! जनरेटर केवढा बोंबलत होता. पण हातात माईक होता, मी पाह्यला."

बापाला विचारायची सोय नव्हती, तो तर रिक्षात पेट्या ठेवून राहिला होता. आई-भाऊ मागं आवराआवरीत होते, त्यांनी ऐकलंच नव्हतं. नवऱ्याला, देवीदासला विचारलं, तो तर मांडवातच बसलेला. तो म्हणाला, "बोलले काहीतरी. मले नाही आठवत." सुजातानं मनाशी म्हटलं, असू दे, कॅसेटमध्ये असेल. व्हिडिओवाल्यानं तीन तासांची कॅसेट भरून दिली होती. घरी व्हीसीआर नव्हता. कधीतरी पाहू, असं म्हणून तिनं ती पेटीत, लग्नाच्या साडीच्या घडीत ठेवली.

दोन वर्षांनी कवडूजीला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. घरात त्याचे दोनच फोटो, त्यातल्या एकात डोळे मिटलेले. आवाज तर कुठंच नाही. तेव्हा सुजाताला ती कॅसेट आठवली. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमतील तेव्हा व्हीसीआर आणू, आईला दाखवू, बाबा काय बोलले ते सगळे मिळून ऐकू, असं तिनं ठरवलं. आई आली, भाऊ आले, विहारातली माणसं आली. भंतेजींचं भोजन झालं. टीव्हीवर चादर होती ती काढली, कॅसेट घातली.

पडद्यावर मांडव नाही, हार नाही. नर्सचे कपडे घातलेला एक दाढीवाला माणूस काखेत खाजवत उभा, आणि त्याच हातानं तो बाळाच्या बाटलीचं दूध पिऊन राहिला होता.

आई बराच वेळ पाहत राहिली. तिला वाटलं, लग्नात बहुरूपी आले असतील.

देवीदास त्या दिवशी कान धरून म्हणाला होता, "चुकून झालं वो. आनंदरावनं पिच्चर आणला होता कॉपी कराले, अंधारात चुकीची कॅसेट लागली." आनंदराव म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनमधला त्याचा सोबती, एकाच शिफ्टचा, एकाच डब्यात जेवणारा. सुजातानं चूक म्हणून मान्य केलं. माणसाच्या हातून चूक होते, मनात राग धरू नये, हे ती रोज वंदनेत म्हणतच होती. पण त्या दिवसापासून पिक्चरला तिनं नाव दिलं, ते घाण.

चूक तर चूक, पण त्या कॅसेटचं पुढं जे झालं ते तिला कधी पचलं नाही. झालेल्या नुकसानीची लाज वाटून माणूस ती कॅसेट फेकून देईल की नाही? देवीदासनं ती वापरून वापरून झिजवली. महिन्याच्या सुट्टीला भाड्यानं व्हीसीआर यायचा आणि सेक्टरच्या क्वार्टरमध्ये आठ-दहा बाप्ये जमून तो पिक्चर लावायचे. त्यांना तो पाठ होता. नट बोलायच्या आधी हे बोलायचे. पडलेल्या माणसावर हसायचे, शिंकेवर हसायचे, ढेकरेवर तर टाळ्या वाजवायचे. पिक्चरमध्ये एक शेठ होता, काचेच्या डोळ्याचा. जेवताना त्याचा डोळा खिरीत पडतो. तो खीर पिऊन टाकतो, शेवटी तळाशी डोळा सापडतो, मग तो चाटून पुसून परत बसवतो आणि म्हणतो, "अब दुनिया मीठी दिखती है!" यावर ते बाप्ये लोळायचे. सुजाताचं काम चहा ठेवून निघून जाण्याचं. शेजारच्या कमलिनीकडं जाऊन बसायची आणि "समाप्त" झाल्यावर यायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. दर बुद्ध पौर्णिमेला ती खीर करायची, विहारात ठेवायची, मग घरी आलेल्यांना वाटायची. आणि दर वर्षी वाटी हातात घेतली की आनंदराव म्हणायचा, "वयनी, डोळा टाकला का वो यात?" देवीदास मान हलवायचा, "दुनिया मीठी दिखती है!" आणि दोघं हसायचे. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तीस वर्षं. तिच्या बापानं तिला दिलेली एकच गोष्ट होती ती, आणि तिच्यात दर वर्षी हे दोघे तो चाटलेला डोळा टाकायचे. तिनं खीर खाणं सोडलं. करते, वाढते, स्वतः तोंडाला लावत नाही.

देवीदास वाईट माणूस होता असं कुणी म्हणणार नाही. दारू नाही, हात उगारणं नाही. पोरी शिकवल्या, लग्नं केली, रिटायर झाल्यावर वैशाली नगरात घर बांधलं. फक्त त्याला कशाचंच काही वाटायचं नाही.

यंदा झालं असं की पोरासोरांच्या मोबाइलवर त्या पिक्चरचे तुकडे फिरू लागले. काखेत खाजवणारी नर्स, डोळा चाटणारा शेठ. आनंदरावला उधाण आलं. "देव्या, आपली कॅसेट हाय ना? पुरा पाहू ना बे एक खेप, पह्यल्यासारखा." त्यानं भिलाई-3 चा अमरदीप शोधून काढला. तीस-बत्तीसचा पोरगा, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन पेन ड्राइव्हमध्ये भरून देतो. शनिवारी तो कॅसेट बघायला आला. सुजाता पाणी घेऊन आली तेव्हा तो कॅसेट उन्हाकडं धरून पाहत होता.

"काकू, फंगस लागलाय. साफ करून देतो, लेकिन एकच बार चालेल. फॉरवर्ड केली की टूट जाएगी. सीधा शुरू से आखिर तक चालवायची. और ये... इसमें पहले क्या था?"

"आमचं लग्न होतं," सुजाता म्हणाली. "चुकून गेलं."

अमरदीपनं कॅसेटच्या पाठीवर बोट ठेवलं. "चुकून कैसे? ही पट्टी पाहा. व्हिडिओवाल्यानं तोडून दिली होती, म्हणजे यावर दुसरं काही भरता येऊ नये. मशीन भरूच देत नाही. इथं वरून कुणीतरी सेलोटेप लावली, तेव्हा भरलं."

सेलोटेप पिवळी पडली होती, पण होती. नीट, कडा दाबून लावलेली.

सुजातानं देवीदासकडं पाहिलं. तो मोबाइल चाळत होता.

"सेलोटेप बी चुकून लागली का वो?"

"आता तीस वर्षांची गोष्ट कायले उकरून राहिली," तो म्हणाला. "कोरी कॅसेट नव्हती घरात. दुकान बंद. आनंद्याले पिच्चर सांजेले वापस करायचा होता."

म्हणजे चूक नव्हती. तिनं तीस वर्षं चूक म्हणून माफ केलेली गोष्ट चूक नव्हतीच. अंगावर पाल पडावी तसं झालं तिला. ती आत निघाली तेवढ्यात अमरदीप मागून म्हणाला, "पिक्चर कितने घंटे की है अंकल?"

"सव्वादोन, अडीच."

"मग काकू, कॅसेट तीन तासांची आहे. पुरी भरली होती ना शादी? मग पिक्चरनंतरचा अर्धा तास अजून शादीचाच असेल."

सुजाता उंबऱ्यात थांबली. लग्नाचा शेवटचा अर्धा तास. म्हणजे पंगती उठल्यानंतरचा. म्हणजे माईक.

"त्यात काही नसन," देवीदास घाईनं म्हणाला.

"तुमाले काय माहीत?"

"नसनच. राहिलं असतं तं दिसलं नसतं का एवढ्या वर्षांत?"

"तुमी 'समाप्त' आलं की बंद करत होते," ती म्हणाली. "उद्या मी बसतो पाहाले."

"तू?" देवीदासला हसूच आलं. "तुले तं ओकारी येते."

"येऊ दे."

रविवारी दुपारी अमरदीप मशीन आणि लॅपटॉप घेऊन आला. आनंदराव सोबत भजी घेऊन आला. सुजाता स्वयंपाकघरात बसली नाही. मध्येच टेप तुटली तर, या दोघांनी बंद करून टाकली तर, असं तिला वाटत होतं. खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली, मांडीवर निवडायला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतली. हात कामात असले म्हणजे डोळे खाली ठेवता येतात.

पण कान कुठं ठेवणार? पिक्चर सुरू झाला. दोन चोर बाळंतिणींच्या दवाखान्यात नर्स बनून लपतात, एवढीच गोष्ट. बाकी सगळा चिखल. जाडा इन्स्पेक्टर शेणाच्या खड्ड्यात पडतो आणि तोंडातून शेण थुंकत शिट्टी वाजवतो. कळा येणारी बाई ओरडते त्यावर तबला वाजतो. बाळंतिणीच्या कळांवर तबला! चार बाळंतपणं अंगावर काढलेली सुजाता, त्यांतली दोन लेकरं हाती न लागलेली, आणि तिच्यासमोर आनंदराव मांडीवर तोच ठेका धरून बसलेला.

"पाह्य आता, पाह्य आता," तो देवीदासला कोपर मारत होता. "आता शिंकते!"

नट शिंकला. समोरच्याच्या ताटात गेलं. समोरच्यानं बोट लावून चाखलं. दोघं खुर्चीत वाकडे झाले. अमरदीपही पहिल्यांदा हसला, मग त्यानं सुजाताकडं पाहिलं आणि लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

"वयनी, भजे घ्या ना," आनंदराव म्हणाला.

"हे पाहून तुमच्या घशाखाली उतरते कसं?"

"पिच्चर हाय वो तो! खरं थोडीच हाय."

"हसता ते तं खरं हाय ना."

देवीदास म्हणाला, "तू कायले एवढी सिरियस होऊन राहिली? मजाक हाय. साठी उलटलेल्या माणसानं हसू बी नये का?"

मग खिरीचा सीन आला. डोळा पडला. शेठ वाटी तोंडाला लावून भुरकू लागला. सुजातानं सांबार खाली ठेवलं, पदर तोंडावर धरला, पण उठली नाही. चाटण्याचा आवाज वेगळा भरला होता त्यांनी, मोठा करून. देवीदास आणि आनंदराव एका सुरात म्हणाले, "अब दुनिया मीठी दिखती है!" आणि तिला कळलं, किळस तिला त्या शेठची येत नव्हती. तो बिचारा पैशासाठी चाटत होता.

"समाप्त" आलं. देवीदासनं सवयीनं रिमोटकडं हात नेला.

"हात नका लावू," सुजाता म्हणाली.

पडदा काळा झाला, मुंग्या आल्या, रेघा हलल्या. आणि मांडव दिसला. बल्बांच्या माळा. काही रिकाम्या खुर्च्या. कुणाचं तरी पोर पळून गेलं. मग पांढऱ्या सदऱ्यात कवडूजी. काळा, उंच, एका खांद्यानं वाकलेला. माईक त्यानं दोन हातांनी धरला होता, घणाचा दांडा धरतात तसा.

"मंडळी, जयभीम," तो म्हणाला.

हाच तो आवाज. जनरेटरच्या घरघरीत बुडालेला, पण तोच. सुजाता खुर्चीतून उतरून टीव्हीपुढं जमिनीवर बसली.

"मी गँगमन माणूस. मले बोलता नाही येत. जेवणात कमीजास्त झालं असन तं माफ करजा." तो थांबला. इकडं-तिकडं पाहू लागला. "माही पोरगी... कुठी गेली सुजाता? बलवा तिले जरा. तिच्यासमोर बोलतो."

मांडवातून कुणीतरी काही बोललं, ते ऐकू आलं नाही. कवडूजीनं तिकडं मान वळवली, ओठ हलले.

आणि खिरीत डोळा पडला.

शेठ भुरकू लागला. तोच सीन, पुन्हा. चाटण्याचा तोच मोठा आवाज. सुजाताला काही क्षण समजलंच नाही. मग तो सीन संपला, त्याच पिक्चरचं गाणं लागलं, गाण्यामागून शेणाचा खड्डा, मग पुन्हा गाणं.

"हे काय हाय?" ती म्हणाली. "अमरदीप, हे काय झालं?"

अमरदीप चाचरत म्हणाला, "काकू, पिक्चर भरल्यावर जागा उरली असेल. त्यात पिक्चरचे सीन परत भरलेत. टेप संपेपर्यंत असेल."

आनंदरावच्या तोंडात भजं होतं. तो खरोखर आठवून आनंदानं म्हणाला, "अरे हो बे देव्या! खिरीचा सीन दोनदा भरला होता आपण! जागा पाहाले म्हून कॅसेट लावली, तं तुहा सासरा दिसला. तू म्हणला, बुढा काही बोलून नाही राहिला, दाब बटन..."

बोलता बोलता त्याचं भजं तोंडातच राहिलं.

अमरदीपनं गाण्याचा आवाज बंद केला.

"असं म्हणलं होतं तुमी?" सुजातानं विचारलं.

देवीदास रिमोट उलटासुलटा करत होता. "जवान होतो वो. अकलेनं कमी होतो. अन् खरंच सांगतो, पुढं काही बोललेच नाही ते. मी तं बसलो होतो तिथं. तू नाही दिसली तं 'राहू द्या' म्हणले अन् माईक ठेवून देला. तुले वाईट वाटन म्हून मी कधी सांगतलं नाही."

"तीस वर्षं म्हणत होते, आठवत नाही."

"वाईट वाटन म्हून म्हणत होतो."

सुजातानं त्याच्याकडं पाहिलं. तो अगदी भोळा चेहरा, तोच, कान धरून "चुकून झालं" म्हणणारा. मग ती अमरदीपकडं वळली. "बेटा, बाबांनी मान वळवून काहीतरी म्हणलं, ते आयकू येईन असं करता येते का?"

"कोशिश करता हूँ, काकू."

त्यानं जनरेटरचा आवाज खाली घेतला, बाकीचा वर, हेडफोन तिच्या कानावर ठेवले. घरघर राहिली होती, पण लांब गेली होती. एका बाईचा आवाज आला, "सुजाता साडी बदलून राहिली, भाऊ." आणि बापाचा, माईकपासून दूर, घरातल्यासारखा.

"मंग येऊ द्या तिले. थांबतो मी."

तिनं तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून देवीदासच्या हातात दिले. त्यानं कानाला लावले. त्याचा चेहरा पाहायची तिला इच्छा नव्हती. ती अमरदीपला म्हणाली, "बाबा दिसते तेवढंच ठेव पेन ड्राइव्हमध्ये. डोळा पडायच्या आधी कापजो."

"चाळीस सेकंद होतील, काकू."

"तेवढेच."

"अन् पिच्चर, वयनी?" आनंदराव हळूच म्हणाला.

"तुमी घेऊन जा. कॅसेट बी न्या. भजे बी न्या."

आनंदराव चपला शोधत उठला. देवीदासनं हेडफोन काढले. "सुजाता, आयक ना, थांबतो म्हणले खरे, पण मंग तू लवकर आलीच नाही, तं..."

"बस करा," ती म्हणाली. "बाबा थांबले का बोलले, काय बोलले, हे आता जगात एकट्या तुमाले माहीत हाय. अन् तुमी जे सांगान त्यावर मले आता विश्वास ठेवता येत नाही. यापरीस तुमी तो डोळा रोज माह्या ताटात टाकला असता तरी चाललं असतं."

"माफ कर ना वो."

"एकदा केलं होतं. चूक समजून."

अमरदीपनं पेन ड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला, गाठ दातानं ओढून घट्ट केली. "माहा बाप मांडवभर लोकांपुढं माह्यासाठी थांबून होता," ती देवीदासला म्हणाली, "अन् तुमच्यानं तो काय बोलते तेवढा वेळ बटनावरचं बोट उचललं गेलं नाही." मग तिनं भज्यांचं तेल सांडलेलं मेज पुसायला घेतलं, दोनदा पुसलं, आणि तो फडका धुवायला न टाकता बाहेर कचऱ्यात नेऊन टाकला.